मोकळी जागा तीन टक्के

“एवढी मोठी मशीन, आणि मोकळी जागा बघा. तीन टक्के! फक्त तीन!”

साहेब हे पुटपुटले ते माझ्या कानापासून वीतभर अंतरावर. वहिनींच्या टेबलावरचा कागद वाचायला ते वाकले होते, आणि माझं टेबल वहिनींच्या टेबलाला खेटून असल्यामुळे आमच्या कचेरीतलं कुठलंही पुटपुटणं माझ्या डाव्या कानाला चुकत नाही. (उजवा कान भिंतीकडे असतो. त्याला आराम आहे.)

सर्व मोठ्या सुधारणांचा उगम अशा पुटपुटण्यात असतो. माणसाला एखादा आकडा कळला नाही तर तो गप्प बसतो. पण न कळलेला आकडा जर लहान असेल, तर तो काळजी करतो. आणि काळजी करणारा माणूस जर अधिकारावर असेल, तर परिपत्रक निघतं. त्या सोमवारी आमच्या कचेरीत नेमकं हेच घडलं.

आमची कचेरी लोकांना जुन्या दाखल्यांच्या नकला देते. कोण जन्मलं, कोणाचं कोणाशी लग्न लागलं, कोणी कुठली शाळा कधी सोडली. सगळे दाखले कोपऱ्यातल्या काळ्या मशीनमध्ये आहेत. खिडकी अकराला उघडते, लोक दहापासून बाकावर बसतात. मशीन वहिनी चालवतात. पूर्वी त्यांचे यजमान चालवायचे, त्यांना सगळे दादा म्हणायचे. दादा गेले, त्यांच्या जागी वहिनी लागल्या, आणि टेबलाबरोबर नावही नात्यानेच चालू राहिलं. साहेबसुद्धा त्यांना वहिनीच म्हणतात.

आता मशीनविषयी दोन शब्द. मशीनच्या पोटात एक कारभारी असतो; जाणकार त्याला कर्नेल म्हणतात. पोटातली काम करायची जागा, म्हणजे मेमरी, कोणाला किती द्यायची हे तो ठरवतो, आणि विचारलं की खरं काय ते सांगतो. (ठरवणारा आणि खरं सांगणारा एकच असण्याचं हे माझ्या पाहण्यातलं एकमेव उदाहरण.) त्या सोमवारचा त्याचा अहवाल असा होता: वापरात एकवीस टक्के, साठवणीत एकाहत्तर टक्के, मोकळी तीन टक्के, एकूण शंभर. आकडे अगदी स्वच्छ होते. साहेबांनी ते दोनदा वाचले, मी एकदा वाचले, आणि आम्ही दोघांनीही मान डोलावली.

“साहेब, याच्यामागे अजून एक कागद निघतो,” वहिनी म्हणाल्या.

“वहिनी, तुम्ही प्रिंट काढा. वाचायचं आम्ही बघतो.”

अजून एक कागद निघतो हे खरं होतं. आमचा रुंद प्रिंटर म्हातारा होऊन गेला आणि नवा आला तो अंगाने बारीक. तेव्हापासून प्रत्येक अहवालापाठोपाठ तो एक जवळजवळ कोरा कागद ओकतो. वरच्या कोपऱ्यात तारीख, एक शब्द, एक आकडा, बाकी सगळं पांढरं. असा कागद फेकणं म्हणजे पाप. म्हणून आम्ही त्याचे आठ तुकडे करतो, कोऱ्या बाजूवर नंबर घालतो आणि खिडकीवर लोकांना टोकन म्हणून देतो. काटकसरीत आमच्या कचेरीचा हात कोणी धरू शकत नाही.

दुपारपर्यंत परिपत्रक निघालं. विषय: स्मृती मोकळी करण्याबाबत. रोज सकाळी ठीक अकरा वाजता मशीनची साठवण रिकामी करण्यात यावी, मोकळ्या जागेचा आकडा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि आकडा समाधानकारक आढळल्यास उपस्थितांनी आनंद व्यक्त करावा.

मंगळवारी अकराच्या ठोक्याला वहिनींनी सांगितल्याप्रमाणे मशीनला एक ओळ लिहिली. कारभाऱ्याने मुकाट्याने सगळी साठवण टाकून दिली. मोकळी जागा: तीनावरून बहात्तर! साहेबांनी स्वतः खडू घेऊन फळ्यावर लिहिलं. आम्ही आनंद व्यक्त केला. मग खिडकी उघडली, आणि पहिल्या माणसाची नकल निघायला तेवीस मिनिटं लागली.

इथे थोडी आकडेवारी देणं माझं कर्तव्य आहे. मोहिमेपूर्वी एका नकलेला सरासरी चार मिनिटं लागत. मोहिमेनंतर एकोणीस. मोहिमेपूर्वी बाकावर सरासरी नऊ माणसं बसत, मोहिमेनंतर नऊ बसत आणि चौदा उभी राहत. म्हणजे लोकांचा कचेरीवरचा लोभ अडीच पटीने वाढला. आणि संध्याकाळी अहवाल काढून बघावा, तर मोकळी जागा पुन्हा चार टक्के!

“खादाड आहे,” साहेब म्हणाले.

मशीन हळू चालते, अर्थात जागा कमी पडते, अर्थात जागा वाढवली पाहिजे. या तर्कात बोट घालायला फट नव्हती. दुसऱ्या आठवड्यात मेमरी दुप्पट झाली. दोन दिवसांत कारभाऱ्याने तीही दाखल्यांनी भरून टाकली आणि मोकळी जागा दोन टक्क्यांवर आली. आता यावरून कोणाही सुज्ञ माणसाने एकच निष्कर्ष काढला असता, आणि साहेबांनी तो काढला: जागा गळते आहे, आणि गळते म्हणजे कोणीतरी गळवतं आहे.

तेव्हा मशीनसाठी सुरू झालेली शिस्त माणसांना लागू झाली.

आमच्या सगळ्यांचं कोष्टक तयार झालं. वापरात म्हणजे आत्ता हातात असलेलं काम. साठवणीत म्हणजे पुढेमागे लागेल म्हणून डोक्यात ठेवलेल्या गोष्टी. मोकळी म्हणजे मोकळी. माझी मोकळी जागा सोळा टक्के निघाली. (मला ती अजून कुठे आहे ते सापडलेलं नाही.) सर्वांत वर आले निवांतराव. हे त्यांचं खरं नाव नाही, पण खरं नाव आठवायला हजेरीपुस्तक उघडावं लागतं. बावीस वर्षं ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ‘बघू’ म्हणत आले आहेत. त्यांची मोकळी जागा चौऱ्याण्णव टक्के निघाली. त्यांचा फोटो फळ्याशेजारी लागला. खाली लिहिलं: आदर्श.

सर्वांत खाली वहिनी. मोकळी जागा शून्य.

त्यांच्या साठवणीची यादी करायला घेतली आणि दोन पानांनंतर सोडून दिली. शाई उडालेलं रजिस्टर कुठल्या कपाटात, कुठलं घराणं आडनाव तीन तऱ्हांनी लिहितं, रांगेतल्या टोपीवाल्या आजोबांना डाव्या कानाने ऐकू येतं, साहेबांचा हरवलेला चष्मा नेहमी कुठल्या खणात असतो. कुठलीच गोष्ट आत्ता वापरात नाही! नुसती भरून ठेवलेली.

याच तपासात आणखी एक भानगड उघडकीस आली. ‘तुमच्याकडे काय काय आहे’ या रकान्यात सात जणांनी प्रत्येकी एक स्टेपलर लिहिला होता. बेरीज सात. कपाटात स्टेपलर एक. सातही जण खरंच बोलत होते, कारण तो एकच स्टेपलर सगळे वापरतो. पण बेरीज ही बेरीज असते. सहा स्टेपलर गहाळ झाल्याची फाईल उघडली गेली, आणि ती बांधायला स्टेपलर शोधत दोघं जण तासभर हिंडत होते.

नंतरच्या सोमवारपासून ‘साठवण रिकामीकरण’ माणसांचंही सुरू झालं. अकराच्या पाच मिनिटं आधी सर्वांनी डोळे मिटून बसायचं आणि कालचं विसरायचं. निवांतराव दहा सेकंदांत मोकळे व्हायचे आणि उरलेला वेळ इतरांना धीर द्यायचे.

टोपीवाले आजोबा त्या दिवशी चौथ्यांदा आले होते. त्यांना स्वतःच्या लग्नाचा दाखला हवा होता.

“नाव?” खिडकीवरच्या माणसाने विचारलं.

“अरे, शुक्रवारी सांगितलं की सगळं! नाव, वर्ष, साक्षीदार, सासऱ्यांचं नाव!”

“शुक्रवारचं सकाळी पुसलं, आजोबा. नियम आहे.”

“मग मी काय करू?”

“पुन्हा सांगा.”

आजोबांनी पुन्हा सांगितलं. सासऱ्यांचं नाव सांगताना शिवीसारखं सांगितलं, पण सांगितलं. वहिनी आपल्या टेबलावरून हळूच म्हणाल्या, “आजोबांचं रजिस्टर तिसऱ्या कपाटात, वरून दुसरं.” याचा अर्थ वहिनी कालचं विसरल्या नव्हत्या. तशी नोंद झाली.

आता कारभाऱ्याचा शेवटचा नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. जागा खरोखरच संपली तर तो चालू कामांना गुण देतो, आणि ज्याचे गुण सर्वांत जास्त त्याला तिथल्या तिथे संपवून टाकतो. गुण कशाचे? मुख्यतः, सर्वांत जास्त कोणी धरून ठेवलंय त्याचे. साहेबांनी हे कुठेतरी वाचलं आणि ते खुर्चीतून अर्धे उठले. इतका निःपक्षपाती नियम त्यांनी नोकरीत कधी पाहिला नव्हता. लगेच गुण काढले गेले. निवांतराव: एक. मी: बारा. वहिनी: सत्त्याऐंशी.

नोटीस लागली. शुक्रवारी चार वाजता सभा, आणि सभेनंतर वहिनींची बदली गावाबाहेरच्या गोदामात. बसने एक तास.

वहिनींनी नोटीस वाचली. मग घड्याळाकडे बघितलं. दीड वाजत आला होता. दीड वाजता त्या घरी जातात. घर मागच्याच गल्लीत, ऐंशी पावलांवर. सासूबाई न्हाणीघरात पडल्या तेव्हापासून अंथरुणावर आहेत. त्यांना भरवायचं, कूस बदलून द्यायची, गोळी द्यायची आणि दोनच्या आत परत. दुसरं घरात कोणी नाही. गोदामातून दीड वाजता घरी निघणं म्हणजे चारला परत पोचणं. हे कोष्टकात कुठेच नव्हतं, कारण तसा रकाना नव्हता.

त्या बुधवारी मी त्यांच्याबरोबर गेले. भांडं उचलायला दोन हात जास्त असावेत म्हणून. (खरं तर मला स्वतःच्या टेबलावर बसवत नव्हतं.)

“चार मिनिटं उशीर,” सासूबाई पलंगावरून म्हणाल्या.

“आई, मोकळी झाले तशी निघाले.”

“मोकळी? तू? लग्न होऊन आलीस तेव्हापासून तुला मोकळी कधी बघितली नाही मी. पण हाक मारली आणि आली नाहीस, असंही एकदा झालं नाही. ही कोण?”

“आमच्या आवक-जावकच्या बाई.”

“बस गं. आणि जावक होताना दार ओढून घे, डास येतात.”

मी पलंगाशेजारी बसले. भिंतीवर गोळ्यांचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं, वहिनींच्या अक्षरात: सकाळी पांढरी, दुपारी अर्धी गुलाबी, रात्री दोन्ही. कागद पंख्याच्या वाऱ्याने उलटत होता. मी तो दाबायला हात पुढे केला, आणि मागची बाजू दिसली. कोपऱ्यात तारीख, एक शब्द, एक आकडा. आमच्याच कचेरीचा वाया गेलेला कागद.

शब्द होता ‘उपलब्ध’. आकडा होता बहात्तर. तारीख त्या पहिल्या सोमवारची.

मी सासूबाईंकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं. मोकळी तीन, आणि उपलब्ध बहात्तर! कोष्टकाला अजून एक रकाना होता. नव्या प्रिंटरच्या कागदावर तो मावत नव्हता, म्हणून दुसऱ्या पानावर पडत होता, आणि आम्ही दोन वर्षं तो फाडून लोकांच्या हातात देत होतो. बाकावर बसलेल्या प्रत्येक आठव्या माणसाच्या मुठीत उत्तर होतं आणि तो नंबर कधी येतो याची वाट बघत होता.

“वहिनी, तुम्हाला हे माहीत होतं?”

“पहिल्याच दिवशी सांगत होते की. आई, आ करा.”

गुरुवारी मी तो कागद (गोळ्या दुसऱ्या कागदावर उतरवून दिल्यावर) साहेबांच्या डाकेत सगळ्यांत वर ठेवला. संध्याकाळी तो परत आला. त्यावर शेरा होता: ‘पाहिले. फाईल.’ आत जाऊन तोंडाने सांगावं असं मला वाटलं नाही असं नाही. पण सांगायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं की पहिल्या दिवशी मान डोलावली तेव्हा मलाही काही कळलं नव्हतं. आणि एकदा डोलावलेली मान परत घेण्याचा अर्ज आमच्या कचेरीत उपलब्ध नाही.

शुक्रवारी चार वाजता आम्ही सगळे साहेबांच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभे राहिलो. बाहेर तेवीस माणसं होती, त्यांत आजोबाही. दार उघडंच होतं.

साहेबांनी घसा साफ केला. वहिनींच्या सेवेची प्रशंसा केली, गुणांची आकडेवारी वाचली, आणि म्हणाले, “वहिनींचं टेबल उद्यापासून निवांतराव सांभाळतील. सर्वांत जास्त मोकळी जागा त्यांच्याकडे आहे, तेव्हा काम तिथेच मावणार. वहिनी, त्यांना अहवाल समजावून द्या.”

निवांतरावांचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा होता. बावीस वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी वापरात आलं.

“साहेब...”

“बोला.”

“बघू,” ते सवयीने म्हणाले. मग त्यांनी स्वतःच मान हलवली. “नाही. बघू नाही. साहेब, मी मोकळा दिसतो, कारण मला इथलं काहीच येत नाही. हा फोटो काढून टाका हो, रोज जाता-येता लाज वाटते. आणि हा कागद गेले तीन आठवडे मी वाचतोय, आनंद व्यक्त करतोय, टाळ्या वाजवतोय. मला यातलं अक्षरही कळत नाही.”

साहेबांनी चष्मा शोधला. वहिनी म्हणाल्या, “दुसऱ्या खणात.” साहेबांनी तो काढला, पुसला, डोळ्यांवर लावला, समोरचा अहवाल उचलला, आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग खाली ठेवला.

“मलाही,” ते म्हणाले.

आणि मग जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही (रिकामीकरण झालं तरी). एकामागून एक भिंतीवरून आवाज येऊ लागले. मलाही. मलाही. मलासुद्धा. मी म्हटलं, मलाही नव्हतं कळलं. दारातून आजोबा म्हणाले, “मला तर डाव्या कानानेही नाही!” आणि सगळी खोली हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा आम्ही परिपत्रकाशिवाय आनंद व्यक्त केला.

“वहिनी, मग तुम्हाला कळतं?” साहेबांनी विचारलं. आवाज लहान झाला होता.

“सोपं आहे, साहेब. ओट्यावर मिठाचा डबा आणि चहाचं भांडं बाहेरच असतं, सारखं लागतं म्हणून. त्याने ओटा भरत नाही. जागा लागली की सरकवायचं. कारभारी तेच करतो. लोक जे दाखले सारखे मागतात ते हाताशी ठेवतो, आणि कोणाला जागा हवी झाली की उचलतो. मोकळी किती ते बघायचं नाही. हाक मारल्यावर किती मिळेल, ते बघायचं. रिकामी जागा म्हणजे नुसती न वापरलेली जागा.”

साहेबांनी बदलीचा आदेश उचलला, उलटा केला, आठ तुकडे केले आणि टोकनच्या डब्यात टाकले. सोमवारी अकराला मशीन कोणी रिकामी केली नाही. आजोबांची नकल सहा मिनिटांत निघाली; त्यांनी लग्नाची तारीख वाचली आणि म्हणाले, “छे, इतकी वर्षं मी लग्नाचा वाढदिवस दोन दिवस आधीच साजरा करतोय.” वहिनी दीड वाजता उठल्या. निवांतराव त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसतात हल्ली, आणि शिकतात. त्यांची मोकळी जागा नव्वदवर घसरली आहे. प्रकृती बरी आहे.

आता तुमच्याकडे वळते. सुरुवातीला मी तुम्हाला कारभाऱ्याचा अहवाल दिला होता. वापरात एकवीस, साठवणीत एकाहत्तर, मोकळी तीन, एकूण शंभर. एकवीस, एकाहत्तर आणि तीन मिळून पंच्याण्णव होतात. उरलेले पाच मी लिहिलेच नव्हते. कोणाच्या मानेत किती मोकळी जागा आहे ते बघायचं होतं. तुम्ही ते वाचलंत, मान डोलावलीत, आणि साहेबांना हसत हसत इथपर्यंत आलात.

शेजारी कोणी नाही. एकदा म्हणून टाका: मलाही.